गाडी किती देते?

भाडं मिळेपर्यंत ज्यांना नुसतं बसून राहावं लागतं, त्यांच्याकडे किस्से साठतात. रत्नागिरीत बंदराच्या वाटेवर आमचा पिकअपचा स्टँड आहे. बोटी आल्या की मासळी, हंगामात आंबा, एरवी चिरे, सिमेंट नाहीतर कुणाचं तरी बिऱ्हाड. आणि यातलं काहीच नसेल तर ॲव्हरेज! लिटरभर डिझेलमध्ये कुणाची गाडी किती किलोमीटर देते, यावर आम्ही जेवण विसरून भांडू शकतो. या विषयावर खरं बोलणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे नंदू.

नंदू पस्तिशीला आलेला. गाडी स्वतःची, व्यसन नाही, आणि लग्न काही जमेना. शेवटी ते जमायचं की मोडायचं, हेसुद्धा ॲव्हरेजवरच येऊन ठेपलं. तिकडे येतोच, पण आधी बाकीच्यांची ओळख करून देतो.

*

स्टँडचा एक नियम आहे. गिऱ्हाईकाला ॲव्हरेज कमी सांगायचं, म्हणजे भाडं वाढवून मागता येतं. आपसात जास्त सांगायचं, म्हणजे इज्जत राहते.

एकदा एक आंबा बागायतदार भाडं ठरवायला आले. आमच्या इक्बालभाईंनी चेहरा पाडला. "साहेब, गाडी आठ देते. परवडत नाय हो!"

तेवढ्यात मागे अण्णा कुणाला तरी सांगत होते की आपली गाडी बारा देते. अण्णा आमच्यात सगळ्यांत जुने. इक्बालभाई गर्रकन वळले. "बारा? माझी चौदा देते, चौदा!"

बागायतदार अजून तिथेच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "मग माझ्या पेट्या त्या चौदावाल्या गाडीत भरा."

*

अण्णांचं तंत्र वेगळं. उतार लागला की ते इंजिन बंद करतात. ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतं, शेजारी बसलेला माणूस देवाचं नाव घेतो. अण्णा मात्र डिझेलच्या काट्याकडे बघून खूश.

कोल्हापूरहून परत येताना एकदा आंबा घाट ते असेच उतरले. खाली आल्यावर गाडी सुरूच होईना. मागून मी येत होतो. दोर बांधला आणि साखरप्यापासून रत्नागिरीपर्यंत अण्णांना ओढत आणलं. सगळे चढ माझ्या गाडीने काढले. दोघांनी टाक्या भरल्या, हिशोब केला. अण्णांचं ॲव्हरेज आलं बावीस, माझं सहा.

अण्णा स्टँडवर सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, "पाय जरा हलका ठेव रे!"

*

इक्बालभाईंनी एकदा शास्त्र काढलं. मासळीच्या गाडीत निम्मं वजन बर्फाचं. बर्फ कमी, तर वजन कमी. वजन कमी, तर ॲव्हरेज जास्त. ऐकायला बरोबर वाटत होतं, त्यामुळे कुणी अडवलं नाही. उन्हाळ्याचे दिवस. सुरमई घेऊन ते बेळगावला निघाले.

दुसऱ्या दिवशी परत आले ते हसतच. "तेरा! भरलेल्या गाडीत तेरा!"

"आणि मासे?" मी विचारलं.

"व्यापाऱ्याने घेतले नाय. त्यामुळे येताना पण भरलेलीच होती."

*

आता नंदू. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने सतरा सांगितलं होतं. गाडी देत होती नऊ. नंदू बिचारा विचारायला गेला. तिथला टायवाला मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, टेस्टिंग सपाट रस्त्यावर होतं. गाडी रिकामी, काचा बंद, मध्ये कुठेही ब्रेक नाही."

नंदू म्हणाला, "असा रस्ता आपल्या जिल्ह्यात कुठे आहे तेवढं सांगा. मी तिथेच धंदा करतो."

पण खरं सांगायचं तर दोष गाडीचा नव्हता. आरे-वारेच्या चढावर कुणी म्हातारी टोपली घेऊन उभी दिसली की हा भर चढात गाडी थांबवणार. ती चढेपर्यंत इंजिन चालू. मग तिला दारात सोडायला आत वाडीपर्यंत जाणार. नऊ येतं हेच नशीब! आणि स्टँडवर कुणी विचारलं, तर हा सगळ्यांसमोर सांगणार, "नऊ." आमची मान खाली.

*

लग्नाच्या बाबतीतही तेच. चिपळूणला एका घरी मुलीच्या मामाने विचारलं, "मुंबईत रूम आहे?" नाही. "नोकरी पर्मनंट आहे?"

नंदू म्हणाला, "नोकरीच नाही, तर पर्मनंट काय असणार?"

चहा यायच्या आधी आम्ही रस्त्यावर होतो.

मग पूर्णगडचं स्थळ आलं. मुलीचं नाव अस्मिता. नंदूने तिला एकदा मासळी बाजारात पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. अडचण एकच, मुलीचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर. त्यांचं ठाम मत, की डिझेल उडवणारा माणूस घरही उडवणार. आधीच्या एका टेम्पोवाल्याने खरं तेच, म्हणजे दहा सांगितलं, तर त्याला अंगणातूनच परत पाठवला होता!

स्टँडवर बैठक बसली. अण्णा म्हणाले अठरा सांग. इक्बालभाई म्हणाले, "तो ड्रायव्हर आहे. अठरा सांगितलंस तर विचारील, गाडी कोण ओढत होतं?" पंधरा ठरलं. पूर्णगडपर्यंत मी शेजारी बसून नंदूकडून पंधरा, पंधरा असं घोकून घेतलं. वाटेत त्याने दोन म्हाताऱ्या घेतल्याच.

*

पोहे झाले. भाऊंनी विचारलं, "गाडी किती देते?"

"पंधरा," नंदू जमिनीला म्हणाला.

"भरलेली?"

"भरलेली."

"घाटात?"

नंदूला घाम फुटला. घाटाचं आम्ही काही ठरवलंच नव्हतं! मी जोरात खोकलो. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अस्मिता, बाहेर जाऊन बोला तुम्ही दोघं. मग बघू."

दोघं अंगणात गाडीपाशी उभी राहिली. मी ओटीवर, कठड्याला टेकून, सगळं ऐकू येईल असा बसलो. अस्मिताने गाडीला एक फेरी मारली. मागचा टायर पायाने दाबून बघितला.

"किती देते?" तिने विचारलं.

"पंधरा."

"ते भाऊंना झालं. मला सांगा."

मी मनातल्या मनात पंधरा, पंधरा म्हणत होतो.

"नऊ," तो म्हणाला. "घाटात सात."

"एवढी कमी?"

"वाटेत माणसं उभी असतात."

झालं! मी चपला शोधायला लागलो. मला त्याचा इतका राग आला होता आणि इतकं वाईटही वाटत होतं, की डावी-उजवी कळेना.

ती आत आली. भाऊ खुर्चीत पुढे सरकले. "काय गो, ॲव्हरेज विचारलंस? तुला किती सांगितलंन?"

"पंधराच सांगतायत," अस्मिता म्हणाली. "पण सोळा देते, भाऊ. तुम्हाला घाबरून कमी सांगितलंय."