गुरुवारचा नमुना

आमच्या प्रयोगशाळेत गुरुवारी कुणी सांडपाण्याचा नमुना आणत नाही. पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते हे पाहायला बाटल्या तीन दिवस ठेवाव्या लागतात. गुरुवारी ठेवलेली बाटली उघडायला रविवारी कोण येणार? हे कुठे लिहिलेलं नाही. पुण्याहून म्हैसूरला शिकवायला आलो तेव्हा मी ते इथे शिकलो आणि पुढे प्रत्येक तुकडीला शिकवलं.

शहराबाहेर एका ओढ्यात शुद्धीकरण केंद्राचं पाणी सोडतात. काठच्या वस्तीला नळ नाही; ओढ्यालगतची विहीर, तेच पिण्याचं पाणी. नळ द्यायचा की नाही, हे पाणीपुरवठा कार्यालय आमच्या अहवालावर ठरवणार होतं. पाणी मी तपासायचं, आणि समाजशास्त्राच्या मॅडमनी बायकांशी बोलायचं, अशी वाटणी होती. मॅडम इथल्याच जुन्या मराठी घरातल्या; त्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेलं असायचं.

"सर, सगळ्या बायका एकच सांगतात. गुरुवारी तिकडे केंद्रात टाक्या धुतात, मग नीर काळं येतं. स्वल्प बघा ना."

"मॅडम, सांगणं म्हणजे मोजमाप नव्हे," मी म्हणालो. विद्यार्थी हसले. मला ते आवडलं, हेही कबूल करतो.

वर्षभराचे आमचे सगळे आकडे मर्यादेत आले. मॅडमच्या मुलाखती मी परिशिष्टात टाकल्या. नळाची मागणी फेटाळली गेली.

ते कळवायला आम्ही वस्तीत गेलो, तेव्हा पालेभाजी पिकवणारी एक म्हातारी मला, मास्तरला, कन्नडमध्ये म्हणाली, "का हो मेष्ट्रे, तुमच्या यंत्राला गुरुवारचा उपास असतो का?" बायका खदखदून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

पुढच्या गुरुवारी मी एकटाच जाऊन ओढ्याचा नमुना आणला. रविवारी प्रयोगशाळा स्वतः उघडली. बाटलीत रसायनं घातल्यावर तपकिरी साका बसायला हवा होता. पांढरा बसला. ऑक्सिजन उरलाच नव्हता. सर्वांत पातळ केलेल्या नमुन्यातही नाही.

मी कार्यालयाला पत्र लिहिलं, चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं: एका दिवसाच्या आकड्याने वर्षभराचा अहवाल बदलता येत नाही. विद्यार्थ्यांना मीही हेच शिकवत आलो होतो.

ते पत्र घेऊन मी म्हातारीकडे गेलो. ती जुड्या बांधत होती. तुम्ही खरं बोलत होता, नळ मात्र येणार नाही, असं मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग गुरुवारी काय प्यायचं?" तिने विचारलं. "तुम्ही शिकलेले. सांगा."

उकळून प्या, असं ओठांवर आलं होतं. उकळून जंतू मरतील, पण पाण्यातली ती घाण जाणार नाही, हे मला माहीत होतं. मी पत्राची घडी घातली. तिने पुढची जुडी बांधायला घेतली.