आवाजाचे नमुने, एक नग

लोक माझ्या मावशीला रशियनची तज्ज्ञ म्हणाले की ती लगेच सुधारते, "रशियनची नाही, बॉयलरच्या रशियनची." वीजकेंद्रातली जुनी यंत्रं सोव्हिएत बनावटीची. त्यांची माहितीपुस्तकं भाषांतरित करायला तिला नोकरीवर घेतलं आणि तांत्रिक ग्रंथालयाच्या लांबट खोलीत, दोन कपाटं आणि एक खिडकी यांच्यामध्ये, तिने एकतीस वर्षं काढली. झडप, दट्ट्या, वंगण, गळती हे शब्द तिला झोपेतून उठवून विचारावेत. पण त्याच भाषेत कुणाची खुशाली विचारायची म्हटलं की ती अडखळायची.

एकदा सुट्या भागांच्या पेटीतून एक तबकडी निघाली. लेबल कोरं, वर पेनाने लिहिलेला नुसता एक आकडा. पेटीसोबतच्या यादीत शेवटी होतं, 'यंत्राच्या आवाजाचे नमुने, ध्वनिमुद्रिका, एक नग.' मावशीने रजिस्टरमध्ये तशीच नोंद केली. यात तिची काही चूक नव्हती, हे मी तिच्या बाजूने आधीच सांगून ठेवते.

टर्बाइन विभागाचे फोरमन म्हणजे कानाचे पक्के. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं. त्यांनी ती तबकडी प्रशिक्षणाच्या खोलीत लावली. आधी खालच्या पट्टीतली घरघर, मग ती चढत जाते, मग ठोके, आणि मग लोखंडावर लोखंड घासावं तसा कर्कश सूर. फोरमनांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "यंत्र सुरू झालं, वेग घेतला, बाराव्या मिनिटाला बेअरिंग गेलं." त्यानंतर दर गुरुवारी शिकाऊ कामगारांना ती तबकडी ऐकवायचा पायंडा पडला. बावीस वर्षं माना डोलावत पोरांनी ते बेअरिंग जाताना ऐकलं.

नोंद पूर्ण करायची म्हणून मावशीने पेटी आल्याच्या चौथ्या दिवशीच तबकडी उलटून लावली होती. दुसऱ्या बाजूला एक माणूस गात होता. यंत्र गात नाही, एवढं बॉयलरचं रशियन येणाऱ्यालाही कळतं. तिकडे पेटी भरताना कुणाची तरी स्वतःची तबकडी नमुन्यांच्या जागी आली होती. नियमाप्रमाणे यादीबाहेरची वस्तू सील करून भांडारात जमा करायची, आणि भांडारात गेलेलं काही कुणी परत पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं. मावशीने तोंडाला कुलूप लावलं.

दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून, हेडफोन लावून ती दुसरी बाजू ऐकायची. गाण्यातले वाफ, पोलाद, पाणी हे शब्द तिला कळले. एक शब्द मात्र पुनःपुन्हा यायचा आणि तो तांत्रिक शब्दकोशात नव्हता. त्यासाठी तिने साधा शब्दकोश शोधून आणला. अर्थ निघाला, कुणाच्या तरी आठवणीने जीव कासावीस होणं. मावशीने लग्न केलं नाही, त्याची कारणं घरात सगळ्यांनी आपापल्या परीने लावली आहेत. मी लावत नाही. एवढंच सांगते, की तो शब्द तिने टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला होता.

पुढे मोबाइल आले तेव्हा मी तिला असलं आणखी संगीत शोधून दिलं. वीस वीस मिनिटांचे तुकडे, ऑर्गन, बासरी, मध्येच गिटार. तिकडच्या कारखान्यांच्या सभागृहांत पाळी संपल्यावर तालमी करणारी मंडळी असायची, हे वाचून ती हरखली. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, असं मी सांगितलं.

"म्हणोत बापडे," ती म्हणाली. "माझ्या रजिस्टरात ते आवाजाचे नमुनेच आहेत."

यंदा ती यंत्रं कायमची बंद झाली. निरोपाचा कार्यक्रम ठरला. दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले फोरमन त्यात बोलणार होते. त्यांचा फोन आला, "बाई, ग्रंथालय बंद झालं तेव्हा आपली तबकडी तुम्ही घरी नेलीत ना? ती घेऊन या. भाषणाआधी लावू. पोरं ओळखतील."

फोन ठेवला आणि मावशी हिशेब मांडत बसली. सभागृहात कुणीतरी फोन वर धरणार, फोन सूर ऐकून गाण्याचं नाव सांगणार आणि शिकाऊ पोरांच्या बावीस तुकड्यांच्या गुरूचं सगळ्यांदेखत हसं होणार. गप्प राहावं तर हे असं. सांगावं तर आजवर का लपवलंत, म्हणून ते तुटणार. आणि वीजकेंद्रात तिला मित्र म्हणावा असा तो एकच माणूस होता.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. तिसरा मजला, भिंतीवर पाने आणि पक्कडी आकाराप्रमाणे टांगलेल्या, खिडकीशी रेकॉर्ड प्लेअर. सूनबाईंनी चहा ठेवला.

"फोरमनसाहेब, मला एक सांगायचंय," मावशी म्हणाली. "ऐकून मला हाकललंत तरी चालेल."

"आधी चहा घ्या. मग हाकलतो."

तिने दुसरी बाजू लावली. तो माणूस गायला लागला आणि फोरमनांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. पण त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर आपोआप पडू लागलं.

"सात," ते म्हणाले. "सात मोजून पुन्हा पहिल्यावर येतोय. कुठलंही यंत्र असं फिरत नाही." मग थांबून म्हणाले, "आणि पहिली बाजू?"

"तीही संगीतच आहे. नुसत्या वाद्यांचं."

"म्हणजे बाराव्या मिनिटाला बेअरिंग जात नाही."

"नाही. बहुतेक ऑर्गन चढतो."

मला हसू फुटलं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की ते जिथल्या तिथे विरलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"चौथ्या दिवशी."

मावशीचे डोळे भरून आले. "मी तुमचं हसं होऊ दिलं. तबकडी माझ्या हातून जाईल, एवढ्या एका भीतीपायी."

"हसण्याचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "पोरं शिकली ती यंत्राला कान लावून शिकली. उद्या मीच सगळ्यांना सांगेन, हसतील पोटभर. ती बाजू लावा, माझी."

मावशीने तबकडी उलटली. घरघर सुरू झाली, चढली, ठोके आले. बारावं मिनिट आलं तेव्हा त्यांनी मान पुढे केली, सवयीने, आणि मग सावकाश मागे टेकवली. चहा गार झाला. शेवटचा सूर थांबला तरी ते डोळे मिटूनच बसले होते.

"बाई, दर गुरुवारी हे माझ्यासमोर वाजत होतं," ते म्हणाले, "आणि मी बावीस वर्षं त्यात बिघाड शोधत बसलो. तुम्ही एकदा सांगितलं असतंत, तर मी नुसतं ऐकलं असतं."