पाठमोरा

नट गेल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारपर्यंत, सगळे ज्याला झेरॉक्स म्हणत, त्याच्या जिन्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. पायरीपायरीवर फुलं, मेणबत्त्या, वर्तमानपत्रातून कापलेले फोटो. शेजारची शिक्षिका भाजीची पिशवी छातीशी धरून तिरपी तिरपी वर आली आणि त्याला म्हणाली, "तुमच्याकडे कुणी गेलंय की काय, असं वाटलं मला क्षणभर."

स्टुडिओ या शहरात होता, नटाचा बंगला नव्हता. बंगला लांब, आणि तिथला रस्ता पोलिसांनी अडवलेला. इथल्या चाहत्यांनी जायचं कुठे? मग कुणाला तरी आठवलं की चौथ्या मजल्यावरचा तो उंच माणूस सगळं आयुष्य साहेबांच्या जागी उभा राहत आलाय. तेवढं पुरलं. तहानेल्या माणसाला ओली बादलीही चालते.

त्याचं काम उभं राहण्याचंच होतं. नटाएवढी उंची, नटाएवढी छाती, तसाच रंग, म्हणून नाव पडलं झेरॉक्स. सीनच्या आधी जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारलेली असायची, तिच्यावर जाऊन तो उभा राहायचा. कॅमेरावाला त्याच्यावर दिवे लावायचा, हलवायचा, परत लावायचा. "झेरॉक्स, हनुवटी खाली. झेरॉक्स, अर्धं पाऊल डावीकडे." दिवे मनासारखे झाले की नट यायचा आणि झेरॉक्स फुलीवरून बाजूला व्हायचा. नुसती पाठ दाखवायची असेल, लांबून चालत जायचं असेल, तर मात्र ते खरोखर त्याच्यावरच व्हायचं. त्याचा डावा खांदा थोडा उतरलेला होता. तरुणपणी गॅसच्या टाक्या वाहून तो तसा झाला होता. म्हणून कपडेपटाच्या शिंप्याने त्याच्या प्रत्येक कोटाच्या डाव्या खांद्यात जाड गादी शिवलेली असायची. कोट अंगात गेला की तो सरळ व्हायचा.

नट इतक्या वर्षांत त्याच्याशी फारसं बोलला नव्हता. एकदाच, उन्हातलं शूटिंग लांबलं तेव्हा, तो वेळेआधी येऊन फुलीवर उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "तू बस. आज मी उभा राहतो." झेरॉक्स छत्रीखाली बसला होता आणि कुणी बघेल म्हणून त्याला धड बसता आलं नव्हतं. बातमी ऐकल्यावर त्याला तेवढंच आठवलं. रडू आलं नाही. पायाखालची फुली कुणीतरी पुसून टाकावी, तसं झालं.

पण घरातली गोष्ट वेगळीच होती.

त्याच्या आईच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेने दिसायचं, आकार कळायचे, चेहरे कळत नव्हते. पहिला सिनेमा आला तेव्हा, आईचे डोळे चांगले होते तेव्हा, तो तिला घेऊन गेला होता आणि अंधारात तिच्या कानाशी लागून म्हणाला होता, "पाठ दिसली की मी." ती पाठीची वाट बघत बसायची. पुढे डोळे अधू झाले, आठवणी एकमेकींत मिसळल्या, आणि एक दिवस टीव्हीसमोर तिने विचारलं, "आणि हा बोलतोय, तोही तूच ना?" तो दिवसभर उभा राहून थकून आला होता. तो "हो" म्हणाला.

त्या एका होकारावर घर चाललं. बायकोने आधी टोकलं, मग तीही सोडून द्यायला लागली. गंमतच होती. "काल त्या पोरीला पावसात सोडून गेलास," म्हणून आई त्याला जेवताना झापायची. "माझ्या पोटचा असून असा वागतोस? तिचा बाप किती रडत होता." तो मान खाली घालून म्हणायचा, "पुढच्या वेळी नाही सोडणार." सून पदर तोंडात धरून हसायची. कुणाचं काय बिघडत होतं?

आता टीव्हीवर दिवसभर फुलांनी झाकलेली गाडी हळूहळू चालत होती. माणसं गाडीच्या काचेला हात लावत होती, पोलिसांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. आई खुर्ची पुढे ओढून पडद्याला जवळजवळ नाक लावून बसली होती. कुणी टीव्ही बंद करायच्या आत तिला कळायचं ते कळलं होतं. जिन्यातून फुलांचा वास येतच होता.

"आई, मी आहे," तो तिच्यासमोर बसून म्हणाला. तिचा हात धरून त्याने स्वतःच्या गालावर ठेवला. "हे बघ. मी."

तिने गाल चाचपला. मग हात काढून घेतला, परक्याच्या अंगाला चुकून हात लागल्यासारखा.

"तुम्ही त्याच्याबरोबर कामाला होता का?" तिने विचारलं.

तुम्ही. झेरॉक्स उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. आयुष्यात तिने त्याला मूर्खा म्हटलं होतं, गाढवा म्हटलं होतं, टाक्या वाहायला लागला तेव्हा "मेल्या, पाठ मोडून घेशील" म्हटलं होतं. तुम्ही कधी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिने जेवण सोडल्यात जमा. दोन घास, पाणी, आणि खुर्ची भिंतीकडे. सुनेला मात्र आग्रह करायची. "पोरी, तू खा. तुझं अजून काय वय आहे? तो असता तर त्याने तुला उपाशी ठेवलं नसतं."

"अहो," बायको स्वयंपाकघरात खालच्या आवाजात म्हणाली, "त्या तुमच्यादेखत माझं सांत्वन करतायत, आणि तुम्ही चहा ढवळताय."

"मग काय करू?"

"मला काय विचारता? हो कुणी म्हटलं होतं?"

"तूही हसत होतीस."

"हसत होते," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातला चमचा काढून घेतला, कारण साखर केव्हाच विरघळली होती.

चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष एका संध्याकाळी आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, डोळे रडून सुजले होते आणि शर्टाच्या खिशात बारके स्क्रू-ड्रायव्हर तसेच होते. मैदानावर श्रद्धांजलीची सभा होती.

"दादा, भाषण नको, काही नको. तुम्ही साहेबांचा तो तपकिरी कोट घालून स्टेजवर उभे राहा. पाठमोरे. स्टेजच्या मागच्या बाजूला एकच मोठा दिवा. मग हळूहळू दिव्याकडे चालत जा. लोकांना शेवटचं बघायला मिळालं नाहीये हो."

"मला नाही जमणार."

"दादा, तुम्ही दुसरं केलंय काय आयुष्यात?"

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. झेरॉक्स दार लावून घेणार, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"सभा त्याची आहे का? मला जायचंय." आणि मग, अदबीने, झेरॉक्सला, "तुम्ही न्याल का मला? फार उपकार होतील."

तो हो म्हणाला. यावेळी मनात काही ठरवून म्हणाला. दिव्याकडे जायचंच नाही. फिरायचं, माइक घ्यायचा आणि सगळ्यांदेखत आईला सांगायचं, हा गेला तो तुझा नव्हे, तुझा इथे आहे. घरातल्या खोलीत तिला पटत नव्हतं. एवढ्या मोठ्या मैदानात, भोंग्यातून आलं तर कदाचित पटेल. टीव्हीतलं तिला पटायचंच की.

सभेच्या संध्याकाळी मैदान मेणबत्त्यांनी भरलं होतं. आई पहिल्या रांगेत, सून शेजारी. स्टेजमागे अध्यक्षाने कोट आणला. स्टुडिओतला नव्हे, कुणा शिंप्याकडून फोटो बघून शिवून घेतलेला. झेरॉक्सने अंगात घातला आणि सवयीने खांदा ताठ करायला गेला, तर डावीकडे कापड रिकामं लोंबलं. गादी नव्हती. शिंप्याला ती माहीत असायचं कारणच नव्हतं.

"अध्यक्ष, खांद्यात काहीतरी भरा. रुमाल, कागद, काहीही."

"वेळ नाही दादा. गाणं सुरू झालं."

तो गेला. फुली होती. कुणीतरी आठवणीने मारली होती. तिच्यावर लोकांकडे पाठ करून तो उभा राहिला आणि त्याच्यासमोरचा दिवा लागला. मागे हजार लोकांचा एकच हुंदका उठला, आणि त्या हुंदक्यातून पुढच्याच रांगेतला कुणीतरी स्पष्ट म्हणाला, "खांदा बघ रे. साहेबांचा असा नव्हता." दुसरा म्हणाला, "गप, दुःखाने पडलाय." झेरॉक्सच्या पाठीला घाम फुटला. फिरायची वेळ झाली होती. माइक डाव्या हाताला होता. त्याने पाऊल उचललं.

"अरे, हा बघा," मागून आवाज आला. "हा काय माझा लेक. चाललाय बघा, खांदा पाडून."

आईच होती. तिला चेहरे दिसत नव्हते, पण ही आकृती तिला पाठ होती. तो टाक्या वाहायला जायचा तेव्हापासून ती खिडकीत उभी राहून, तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत, हीच बघत आली होती. सिनेमे नंतर आले.

झेरॉक्स फिरला. माइक राहिला, दिवा राहिला. स्टेजच्या फळीवरून उडी टाकून तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, "आई. मीच."

ती आनंदाने हसत होती. गाल ओले होते. ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे, दिव्याच्या रिकाम्या उजेडाकडे बघत होती.

"तुम्ही पाहिलंत ना?" ती म्हणाली. "इथेच उभा होता. सगळे उगाच रडतायत."

सुनेने तोंड फिरवलं. अध्यक्ष धावत आला, काहीतरी रागाने बोलणार होता, पण या तिघांकडे बघून त्याने हातातली मेणबत्ती विझवली.

नंतर जिना झाडला गेला. मेणाचे डाग शिक्षिकेने सुरीने खरवडले. स्टुडिओत दुसरा नट आला, बुटका, आणि झेरॉक्सचं काम संपलं. तो एका गोदामात रखवालीला लागला. तिथे त्याला बसायला खुर्ची आहे, पण तो बराच वेळ उभाच असतो.

घरी जेवायच्या वेळी तो आईसमोर बसत नाही. समोर बसला की ती पदर सावरते, "तुमचं जेवण झालं का?" म्हणून विचारते आणि ताट बाजूला सारते. तो खिडकीपाशी जातो, तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. खांदा सैल सोडतो. सून घास भरवते आणि आई खाते. रस्त्यावर दिवे लागत असतात, माणसं घरी परतत असतात, त्यांतलं कुणीतरी वर बघतं आणि खिडकीतला माणूस बघून क्षणभर थबकतं.

"अहो, वळून बघा तरी," बायको कधीतरी म्हणते. "जेवतायत त्या. हसतायत."

तो वळत नाही.

"अरे," मागून आई म्हणते, तोंडात घास असताना, "किती वेळ उभा राहशील? आणि तो खांदा सरळ कर मेल्या."