मात्रोनाच्या नदीचे मासे

मात्रोना अलास्कातल्या युकॉन नदीकाठच्या, युपिक आदिवासींच्या एका लहानशा गावातली. आईच्या हाताखाली सामन मासे चिरत, त्यांना धुरी देत मोठी झाली. पुढे अँकोरेज शहरात मत्स्यखात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिथं माझं टेबल तिच्या शेजारी होतं.

समुद्रातून नदीत शिरताना सगळे सामन सारखेच दिसतात. कोणता मासा वरच्या कुठल्या पाण्यात अंडी घालायला निघालाय, ते त्याचा डीएनएच सांगतो. सर्वेक्षणाच्या जाळ्यात सापडलेल्या माशांच्या शेपटीचे तुकडे आमच्याकडे पाकिटांतून यायचे. त्यांतला डीएनए मात्रोना तळहाताएवढ्या चिपवर थेंबाथेंबानं भरायची. केसाहून बारीक नळ्यांतून तो हजारो खणांत पोचायचा, आलटूनपालटून तापवला-निववला की वाढत जायचा, आणि संध्याकाळपर्यंत शंभरेक माशांची कुळं पडद्यावर उमटायची.

त्या जूनमध्ये तिच्या गावावरून वर जाणारं कूळ पडद्यावर जवळजवळ दिसेनाच.

"चिपच खराब असेल," ती म्हणाली. दुसरी भरली. उत्तर तेच.

"तुझा हात कधी चुकत नाही गं," मी म्हटलं.

"आज चुकला असता तर बरं झालं असतं."

थोड्याच दिवसांत त्या आकड्यांवरून खात्यानं नदी मासेमारीला बंद केली. तिच्या वडिलांचा, वासिलींचा, फोन आला.

"काय गं पोरी, शहरात बसून आमच्या तोंडचा घास मोजतेस होय?"

"बाबा, मासेच नाहीत. मी काय करू?"

"नाहीत ते मलाही दिसतंय. पण ते तुझ्याच हातून निघायला हवं होतं का?"



ऑगस्टमध्ये ती घरी गेली, मीही सोबत गेले. धुरीघरातल्या मासे टांगायच्या काठ्या रिकाम्या होत्या. आईनं दुकानातली गोठवलेली कोंबडी रांधली होती.

"खा गं," वासिली म्हणाले, "या कोंबडीचं कूळ तपासायला नको!"

सगळे हसले. मात्रोना उठून बाहेर गेली.

त्याच हिवाळ्यात वासिली गेले. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला दुसऱ्या नदीवरून मदत म्हणून आलेले सामन रांधले. 

मात्रोनानं नोकरी सोडली नाही. "मी सोडली तर दुसरं कोणी मोजेल. मासे थोडेच वाढणारेत?"

नदी अजून बंद आहे. ती गावी गेली की सगळे तिला घरी बोलावतात, चहा देतात. फक्त ती आत आली की माशांचं बोलणं थांबतं.