जोडातली चिठ्ठी

बिराजदारआप्पा केबलचा जोड बंद करण्याआधी आत एक चिठ्ठी ठेवायचे. तळहातात मावेल एवढा कागद, त्यावर तीन ओळी. पहिल्या ओळीत तारीख, दुसरीत 'जोड : बिराजदार', आणि तिसरीत 'पलीकडं' असं लिहून पुढे समोरच्या टोकाला बसलेल्या माणसाचं नाव. खात्याच्या कुठल्याही नियमात ही चिठ्ठी नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "उद्या कुनी हा डबा उघडला तर त्याला कळाय पायजे, ह्या टोकाला कोन व्हतं आन त्या टोकाला कोन व्हतं. जोड एकट्याचा नसतोय."

टेलिफोन खात्यात आप्पांचं काम काचेच्या केबलचं. केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा, त्यांची दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरायची, ठिणगी पडते, काच वितळते आणि दोन्हीची एक होते. मग एक्स्चेंजमध्ये बसलेला माणूस पलीकडून लाल उजेड सोडतो. तो इकडे दिसला की आप्पा फोनवर एकच शब्द बोलायचे, "हौदु." आप्पा मुरुमचे. घरात अर्धं कानडी. हौदु म्हणजे होय. चोवीस तारांची केबल असली की चोवीस वेळा हौदु, त्याच आवाजात, त्याच चालीत. मी तेरचा, मला कानडीतला हा एकच शब्द येतो आणि तो मी आप्पांकडूनच शिकलो.

मी खात्यात त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा पहिल्या भेटीत त्यांनी माझं गाव विचारलं होतं. तेर म्हटल्यावर, तिथल्या जुन्या उत्खननावर रोख धरून म्हणाले, "मग ह्याला उकरायला शिकवायची गरज न्हाय. समदं गावच उकरून ठिवलंय तुमचं." तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि बोलणाऱ्याला उलट बोलल्याशिवाय मला घास उतरत नसे. पण आप्पांपुढे माझी जीभ जरा आवरलेली असायची. माणूस ओरडणारा नव्हता. नुसतं बघायचा, आणि बघणं पुरायचं.

त्यांचा दुसरा नियम असा, की उजेड आला तरी जोड त्या दिवशी कायमचा बंद करायचा नाही. झाकण नुसतं टेकवून यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तपासायचं आणि मग पक्कं करायचं. अशा वेळी चिठ्ठीवर चौथी ओळ यायची : 'उद्या तपासणे.' आम्ही वैतागायचो. ते म्हणायचे, "लग्नाच्या दिवशी समदेच गोड बोलतेत. खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळतंय." एकदा भूम तालुक्यात ईटला मी जोड त्याच दिवशी पक्का करून आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा माझ्या दारात, मोटारसायकल चालूच. मला मागे बसवून पुन्हा ईटला नेलं, डबा उघडायला लावला, तपासायला लावलं. जोड चोख होता. मी जरा तोऱ्यात म्हणालो, "आला की उजेड, आप्पा." ते म्हणाले, "आला त्येच बगायला आलो." परतीच्या वाटेवर त्यांनी मला चहा पाजला आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी त्यांच्या छातीत बिघाड सुरू झाला. दम लागायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मनगट माझ्यापुढे करून म्हणाले, "हात लावून बघ. ठोका येतोय, पर शिस्तीत न्हाय. मधीच दोन, मधीच गायब. क्रॉस कनेक्शन झालंय बघ." सोलापूरच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. वर्षभर गोळ्या झाल्या. मग त्यांनी पुण्याला जायला सांगितलं. महादेवी काकू म्हणाल्या, "दत्ता, तू चल. ह्यांचं तुझ्याशिवाय कुनाशी पटत न्हाय." मी रजा टाकली.

पुण्याचे डॉक्टर चाळिशीतले होते. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. फुप्फुसांकडून रक्तवाहिन्या येऊन हृदयाला मिळतात, त्यांच्या तोंडाशी भलतेच सिग्नल उठतात आणि ठोका बिघडतो. उपाय असा, की मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाला फुगा. फुगा त्या तोंडाशी फुगवायचा. फुग्याच्या आत काचेची तार, तिच्यातून लेसरचा उजेड सोडायचा आणि तोंडाभोवती गोल डाग द्यायचे. डाग दिलेल्या जागेतून सिग्नल पलीकडे जात नाही. आतलं सगळं दाखवायला दुसरी काचेची तार असतेच.

तोवर आप्पा कोपऱ्यात बसल्यासारखे बसले होते. काचेचं नाव निघालं आणि सरसावले. "डाक्टरसाहेब, वाकवताना काच मोडत न्हाय?" डॉक्टर म्हणाले, तशीच बनवलेली असते. "आन दोन डागांमधी फट ऱ्हायली तर?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तर तिथूनच सिग्नल निसटतो, काका. म्हणून डागावर डाग चढवत जायचं."

"मग तपासता का?"

"तिथल्या तिथे."

"आन दुसऱ्या दिवशी?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "दुसऱ्या दिवशी काय, तीन महिने बघतो." मग त्यांचा चेहरा बदलला. तीन महिने आतले डाग कच्चे असतात. ठोका नीट पडला तरी जागा कच्चीच. रक्त पातळ करणारी गोळी एक वेळही चुकवायची नाही. कच्च्या जागी रक्ताची गुठळी धरली आणि ती मेंदूत गेली, तर माझ्या लेसरचा काही उपयोग नाही, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. काकूंकडे बघून सांगितलं आणि माझ्याकडे बघून पुन्हा सांगितलं.

बाहेर आल्यावर आप्पा खूश होते. "मानूस कामाचा हाय. मी एक दिवस म्हनतोय, हा तीन महिने म्हनतोय." थोडं चालल्यावर थांबले. "पर उलटंच हाय की रं दत्ता. आमी जल्मभर काच घालून लाईन जोडली, हे काच घालून लाईन तोडतेत."

उपचार नीट झाला. तिसऱ्या दिवशी आम्ही मुरुमला परत आलो. कोरोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र आप्पांनी शोधून काढलं आणि दिवसातून दहा वेळा लावायला लागले. बोटातून लाल उजेड जातो आणि ठोके मोजून आकडा दाखवतो, हे त्यांना फार पटलं होतं. आकडा सत्तरच्या आसपास आला की मला फोन. मी उचलला की पलीकडून, "हौदु." आणि फोन बंद. इतकी वर्षं माझ्या वाट्याला न आलेला लाड त्या तीन आठवड्यांत माझ्या वाट्याला आला.

मग रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने मुरुम रस्त्यावर आमची केबल ओरबाडून काढली. एका जागी नाही, तीन जागी. बँक, पोस्ट, दवाखाना, सगळं बंद. ठेकेदाराच्या माणसांनी जोड दिले, एकातूनही धड उजेड येईना. साहेबांनी मला धारेवर धरलं. मी आप्पांना फोन केला. खरं सांगायचं तर मी त्यांना बोलावलं नाही, नुसतं गाऱ्हाणं केलं. पण गाऱ्हाणं कशासाठी केलं ते मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "रोज एक जोड देतो. तीन दिवस. घरी बसून मी कुजायलोय." काकू नको म्हणत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "गोळी सकाळ-संध्याकाळची हाय. तुझ्या भरवशावर धाडते."

पहिल्या दिवशी मी जागेवर त्यांच्याजवळच होतो. तारेचं साल काढताना काचेचा कण त्यांच्या बोटात गेला. ह्या धंद्यात रोजचंच. कण काढायचा, बोट चोखायचं, पुढं जायचं. पण त्या दिवशी रक्त थांबेना. रुमाल भिजला, चिकटपट्टी भिजली. रक्त लागलेल्या काचेचा जोड होत नाही, जरा बोट लागलं तरी तार वाया. दुपारपर्यंत सहा तारा झाल्या. कशाबशा अंधार पडायच्या आत चोवीस पुऱ्या केल्या. पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून आप्पा तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "ही चार दिवस बंद केली तर हात चालंल. ठोका तर चोख पडायलाय." बोटाला यंत्र लावून आकडा मला दाखवला. बहात्तर.

मी काय म्हणायला हवं होतं, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. पुण्याच्या डॉक्टरांनी ते माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं. पण राहिलेले दोन जोड माझ्या मानेवर होते. मी म्हणालो, "चार दिवसांनी काय होतंय, आप्पा."

त्यांनी पट्टी पिशवीत टाकली. आयुष्यभर एका जोडावर दुसऱ्या दिवसाआधी विश्वास न ठेवलेला माणूस, स्वतःच्या काळजातल्या जोडावर तीन आठवड्यांत विश्वासला, आणि मी त्याला मान डोलावली. उजेड आला म्हणजे जोड पक्का होत नाही, हे त्यांनीच मला ईटपर्यंत फरफटत नेऊन शिकवलं होतं. त्या दिवशी मी ते त्यांना म्हणालो असतो तर ते हसले असते आणि गोळी घेतली असती, याची मला खात्री आहे.

तिसऱ्या दिवशी मी एक्स्चेंजमध्ये बसून उजेड सोडत होतो आणि ते दहा किलोमीटरवर खड्ड्यात बसून हौदु म्हणत होते. मध्येच काकूंचा फोन आला. "ह्यांनी फोन उचलला न्हाय. सकाळची गोळी घेतली का रं?" मी म्हणालो, "घेतली काकू. माझ्यासमोर घेतली." इतकं सहज तोंडातून गेलं. फोन ठेवून मी पुढच्या तारेत उजेड सोडला.

चौथ्या दिवशी सकाळी शेवटचा जोड तपासून पक्का करायचा होता. आप्पा तयार होऊन ओसरीवर बसले होते. काकूंनी चहाची बशी पुढे केली, ती त्यांच्या उजव्या हातातून पडली. ते खाली वाकून बशीकडे बघत राहिले आणि हात काही वर आला नाही. तोंड वाकडं झालं होतं. मी पोहोचलो तेव्हा गाडी निघत होती. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू होती ना?" काकू म्हणाल्या, "एकबी चुकवली न्हाय. दत्तानं समोर बसून दिली." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आप्पांच्या बोटाला यंत्र लावलेलं होतं आणि त्यावर ठोके अगदी नीट पडत होते.

गुठळी मेंदूत ज्या जागी अडकली तिथं त्यांची वाचा होती. सगळे शब्द गेले, एक राहिला. तहान लागली का? हौदु. दुखतंय का? हौदु. मला ओळखलं का? हौदु. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागे राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. पंधरा दिवसांनी त्यांना मुरुमला घरी आणलं.

मधल्या काळात मी तो शेवटचा जोड तपासायला गेलो. झाकण टेकवलेलंच होतं. चोवीसच्या चोवीस तारा चोख. आत चिठ्ठी होती. तारीख. जोड : बिराजदार. पलीकडं : दत्ता. उद्या तपासणे. अक्षर नेहमीसारखं, गोल आणि जपून काढलेलं. चिठ्ठी आतच ठेवायची हा नियम मोडून मी ती खिशात घातली आणि झाकण पक्कं केलं.

त्यानंतर मी मुरुमला गेलो. आप्पा खाटेवर होते, उशीला टेकवलेले. काकू आत चुलीपाशी गेल्या होत्या. मी म्हणालो, "आप्पा, जोड तपासला. उजेड आला." ते म्हणाले, "हौदु." मी खाट जवळ ओढून बसलो तिथूनच त्यांच्या कानाशी वाकलो. मग हळू आवाजात म्हणालो, "आप्पा, गोळीचं मी म्हणालो. काकूंशी खोटं बोललो तेही मीच. तुमचं हे माझ्यामुळं झालं का?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. डावा डोळा स्वच्छ होता. "हौदु," ते म्हणाले.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. "काय विचारलंस?" त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "पाणी पाहिजे का विचारलं."

काकूंनी तांब्या आणला, चमचाभर पाणी त्यांच्या ओठांपाशी नेलं. आप्पांनी तोंड उघडलं नाही. माझ्याकडेच बघत राहिले. काकू म्हणाल्या, "आत्ता हो म्हनले, आता नको. काय कळतच न्हाय बघ ह्यांचं." आठ दिवसांनी आप्पा गेले. काकू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की दत्तानं शेवटपर्यंत एक गोळी चुकू दिली नाही. मी ते ऐकून घेतो.