बाल्कनी की खोली?

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज आम्ही तक्रार घेऊन म्युनिसिपालिटीत गेलो होतो. आम्ही काचा लावून बंद केलेली बाल्कनी त्यांनी खोली धरली आणि घरपट्टी वाढवली.

"साहब, वो सिर्फ बाल्कनी है," माझे मिस्टर म्हणाले.

साहेबांनी सोबत आलेल्या आमच्या छोट्या लेकीला, सईला, हसत विचारलं, "यू स्लीप देअर?"

"येस! इट्स माय रूम!" सई ऐटीत म्हणाली.

"खलास!" साहेबांनी अर्ज परत दिला.

गाडीत हे तिच्यावर इतके ओरडले, की पोरगी अजून जेवलेली नाही. "बट आय डू स्लीप देअर, आई," एवढंच म्हणतेय.

तेव्हापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?