बारा ते चारची पाळी

सतरा सप्टेंबर २०१७. जहाजावर एकवीस माणसे होती, बारा वाचली.

वाचलेल्यांच्या यादीत पाचवे नाव उपेंद्रचे आहे. आज तो आयर्लंडमधल्या स्लायगोजवळच्या एका कारखान्यात बॉयलर आणि पंप सांभाळतो. वारा पश्चिमेचा असला की समुद्राचा खारा वास थेट पार्किंगपर्यंत येतो, आणि त्या दिवशी उपेंद्र डबा आत बसून खातो. सहकाऱ्यांना वाटते, याला थंडी सोसत नाही. त्या वासाने त्याचा जीव अजून समुद्राकडे ओढ घेतो, आणि ही ओढ आपल्याला शोभत नाही असे त्याला वाटते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

त्या जहाजावर तो थर्ड इंजिनिअर होता. जुने जहाज, पोटात निकेलची माती, फिलिपिन्सच्या किनाऱ्याने उत्तरेकडे चाललेले. यंत्रकक्षात चार-चार तासांच्या पाळ्या असत. आठ ते बारा फोर्थ इंजिनिअर जयेशची, बारा ते चार उपेंद्रची. एकमेकांची पाळी घेणे ही त्या यंत्रकक्षातली रीत होती. ती कुठल्या वहीत लिहिली जात नसे. फेडावी मात्र लागे. जो फेडत नाही त्याच्या हातचा चहा कुणी घेत नसे.

त्या दिवशी उपेंद्रच्या मुलीचा, श्रावणीचा, पहिला वाढदिवस होता. दुपारी जहाज किनाऱ्याजवळून जाणार होते. फोनला तासभर रेंज मिळणार होती.

"जयेश, आज माझी पाळी घेशील?"

"आठपासून उभा आहे रे मी. पाय बघ, पावासारखे फुगलेत."

"पोरीचा आवाज ऐकतो फक्त."

जयेशने हातातला चिंध्यांचा बोळा त्याच्या अंगावर फेकला. "जा उप्या, जा. वहिनीला सांग, दिरानं पाळी दिली म्हणून. आणि हे दान नाही हं, उसनं आहे. चार तास, चहासकट परत."

एक वाजून वीस मिनिटांनी पोटातली ओली माती पातळ होऊन एका अंगाला सरकली आणि जहाज कलंडले. वर असलेल्यांपैकी बरेच जण पाण्यात फेकले गेले. यंत्रकक्षातून कुणीच वर आले नाही. पुढे चौकशीच्या अहवालात जयेश 'कामावर असताना' गेला असे लिहिले गेले, आणि ते खोटेही नव्हते. ते काम कुणाचे होते हे ठाऊक असलेला एकच माणूस जिवंत होता.

तीन तासांनी फिलिपिन्सच्या तटरक्षक दलाची एक गस्तीनौका आली. ती बांधली होती जपानने, आणि तिच्यावरचे खलाशी जपानी प्रशिक्षकांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्यातला एक, पांढरे हातमोजे घातलेला, वाचलेल्या प्रत्येकाकडे बोट रोखून मोठ्याने आकडा म्हणत होता. बारावर तो थांबला. पाण्याकडे पाहिले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. पुन्हा बाराच. पाच म्हणताना बोट आपल्यावर रोखले गेले तेव्हा उपेंद्रला वाटले, हा आकडा दुसऱ्याचा आहे.

जपानने शेजाऱ्यांना अशा नौका दिल्या त्या केवळ भूतदयेपोटी नव्हेत. ज्या पाण्यातून आपले तेल आणि धान्य येते, ते पाणी सुरक्षित राहावे हा त्यामागचा हिशेब असतो. राष्ट्रे हिताने बांधलेली असतात, आणि त्यात लपवण्यासारखेही काही नाही. पण बुडणाऱ्या माणसाला एका राष्ट्राचे हित दोराच्या रूपात दिसते. तो ते घट्ट धरतो. हा दोर आपल्या हाती कुणाऐवजी आला, हा प्रश्न मागाहून येतो आणि मग जात नाही.

नोकरीच्या निमित्ताने उपेंद्र आयर्लंडला आला. तीन वर्षांनी जयेशची धाकटी बहीण रोहिणी डब्लिनजवळच्या नास गावच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट म्हणून आली. पहिल्या दिवाळीत तिने फोन केला, "दादा, भाऊबीजेला ये. मला इथे दुसरं कोण आहे?" तो गेला. तिने स्टीलच्या ताटात निरांजन लावले, पाट नव्हता म्हणून योगाची चटई घडी करून ठेवली. तो त्या चटईवर बसला आणि जयेशच्या वाटणीचे ओवाळून घेतले. अशा तीन भाऊबिजा झाल्या. प्रत्येक वेळी सांगायचे ठरवून तो निघे, आणि करंज्यांचा डबा घेऊन परत येई.

गेल्या ऑगस्टात जपानी नौदलाचे एक प्रशिक्षण-जहाज सदिच्छा भेटीसाठी डब्लिन बंदराला लागले. लोकांना वर जाऊन पाहायची मुभा होती. रोहिणीने बेसनाचे लाडू केले. "तुला ज्यांनी वाचवलं त्यांना द्यायला," ती म्हणाली. उपेंद्र श्रावणीला घेऊन स्लायगोहून आला.

शिडीच्या वरच्या टोकाला एक शिकाऊ अधिकारी उभी होती. प्रत्येक पाहुण्याकडे ती हात लांबवून बोट रोखे आणि आकडा म्हणे. पांढरा हातमोजा पाहून उपेंद्र शिडीवरच थबकला.

"बाबा, यू ग्रँड? बरा आहेस ना?" श्रावणीने मागून ढोसले.

डेकवर एका प्रौढ अधिकाऱ्याने लाडवांचा डबा दोन्ही हातांनी घेतला. रोहिणीने सारी हकिकत सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग म्हटले, "ती नौका आमची नव्हती. आम्ही नौदल. तुम्हाला वाचवलं ते फिलिपिन्सच्या तटरक्षकांनी. त्यांचे आभार मला घेता येणार नाहीत. लाडू मात्र घेतो." मग उपेंद्रकडे वळून त्याने विचारले, "किती जण आले नाहीत?"

"नऊ."

"माझे शिक्षक सांगत, मोजणी आलेल्यांवर संपवू नये. नावं आठवतात?"

उपेंद्र ताठ उभा राहिला. त्याचा हात आपोआप उचलला गेला, बोट बंदराच्या पाण्याकडे रोखले गेले. जहाजावर हजेरी देतात तसे तो नाव, हुद्दा, जागा, असे म्हणत गेला. सातवे नाव आले.

"जयेश. फोर्थ इंजिनिअर. यंत्रकक्षात. माझ्या पाळीवर."

उरलेली दोन नावेही त्याने घेतली. अधिकारी कमरेत वाकला. त्याच्यासाठी ती हजेरी पूर्ण झाली होती.

धक्क्यावर उतरल्यावर रोहिणीने त्याला थांबवले. मग म्हणाली, "तुझ्या पाळीवर म्हणजे?"

त्याने सांगितले. वाढदिवस, रेंज, चिंध्यांचा बोळा.

"फोन लागला?"

"लागला. अकरा मिनिटं."

"काय बोललात?"

"ही फुग्याला घाबरून रडत होती. तेवढंच ऐकलं."

दोघांचीही नजर श्रावणीकडे गेली. ती धक्क्याच्या लोखंडी खुंटावर चढून सीगलना वेडावत होती.

"तीन वर्षं ओवाळलं तुला मी," रोहिणी म्हणाली. "एकदाही घशाशी आलं नाही?"

"दर वेळी आलं."

"मग गिळलंस कशाला?"

"तू सांगशील तसं फेडीन," एवढेच तो म्हणाला.

"मला? मी कुठे दिली होती पाळी?" तिने डोळे पुसले नाहीत. श्रावणीला खुंटावरून उतरवून तिच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "या भाऊबीजेला येऊ नकोस, दादा. पुढचं पुढे बघू. आणि आईला तू सांगायचंस. मी नाही."

ती नासच्या गाडीकडे गेली, ही दोघे स्लायगोच्या.

भाऊबीज आली आणि गेली. त्या दुपारी उपेंद्रने नाशिकला फोन लावून जयेशच्या आईला पहिल्यापासून सगळे सांगितले. पलीकडे पंखा फिरत होता.

"बाराला जेवण असतं ना रे बोटीवर?" आईंनी विचारले.

"हो, काकू."

"म्हणजे जेवला नसेल तो."

"नाही. चहासुद्धा झाला नव्हता."

त्यांनी त्याला दोष दिला नाही, क्षमाही केली नाही. 'ठेवते' म्हणून फोन ठेवला.

कारखान्यात आता उपेंद्र कुणाचीही पाळी मागितल्याबरोबर घेतो आणि परत मागत नाही. त्याने काही भागत नाही, हे त्याला कळते. बारा ते चारची ती पाळी, चहासकट, बाकी आहे.